शॉवरचा दांडा भिंतीत तुटला, पलीकडे ओल आली: टाइल्स फोडण्याआधी काय करायचं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आर्वी तालुक्यातल्या गावात घर. कोठीच्या खोलीचा एक भाग अडवून 2014 साली बाथरूम काढलं. मधली भिंत चार इंची, पाइप सगळे भिंतीत. शॉवर बदलायला गेलात आणि त्याचा दांडा, म्हणजे भिंतीतून शॉवरपर्यंत येणारी नळी, आतल्या आत तुटला. कोठीच्या बाजूने त्याच भिंतीला दिवाळीनंतर ओल दिसत होतीच, आता पोपडे सुटायला लागलेत आणि तुरीची पोती तिथेच आहेत. मिस्त्री म्हणतो, बाथरूमच्या सगळ्या टाइल्स काढून लाइन नवी टाकावी लागेल. तशा टाइल्स आता बाजारात नाहीत. दुसरा काही मार्ग आहे का?

आहे. पुलगाव-धामणगाव पट्ट्यात मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय, आणि सगळ्या टाइल्स काढायची पाळी फार थोड्या घरांवर येते. मिस्त्री सगळं फोडायला सांगतो त्यामागे त्याचा काही डाव नसतो. पाणी कुठून गळतंय हे त्याला सापडलेलं नसतं, एवढंच. गळतीची जागा नक्की झाली की हातभर भिंत उघडून काम भागतं. म्हणून या उत्तराचा मोठा भाग शोधण्यावरच जाणार आहे. जोडणं हे काम तुमच्या मिस्त्रीलाही येतं.

आधी आजची कामं. तूर त्या खोलीतून हलवा, निदान भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवा. गिझर असेल तर त्याचा एमसीबी (बोर्डातला विजेचा स्विच) खाली पाडा आणि काम होईपर्यंत वर करू नका. ओल्या भिंतीत गिझरची वायर गेलेली असते, हे लोक हमखास विसरतात. टाकीवरून बाथरूमला जाणारा वॉल (लाइनीचं पाणी बंद करायची चावी) बंद ठेवा, लागेल तेव्हाच उघडा. घराची जुनी भिंत मातीच्या गाऱ्यात बांधलेली असेल आणि ओल तिथवर पोचत असेल, तर हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. सिमेंटची भिंत महिनोन्महिने ओल सोसते. मातीतली भिंत आतून मऊ होत जाते आणि वरून काही दिसत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे दोन बिघाड आहेत, आणि ते एकच आहेत असं धरून चालू नका. दांडा परवा तुटला, ओल दिवाळीनंतरची आहे. पाऊस गेल्यावर ओल वाढली, म्हणजे पावसाचं पाणीही नाही. दांडा नीट असतानाच कुठेतरी गळत होतं. नुसता दांडा बसवून मोकळे झालात, तर भिंत ओलीच राहील.

भिंतीतलं पाणी तीन तऱ्हेचं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. टाकीकडून मिक्सरपर्यंत, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या तोटीपर्यंत, येणाऱ्या थंड आणि गरम लाइनीत पाणी चोवीस तास दाबाखाली उभं असतं. ती गळत असेल तर रात्रंदिवस गळते, तुम्ही आंघोळ करा की करू नका. मिक्सरच्या डोक्यावरून जो बेंड भिंतीत शिरतो आणि तिथून सात फुटांवरच्या शॉवरपर्यंत जी उभी लाइन जाते, तिच्यात पाणी फक्त शॉवर सोडल्यावरच असतं. ती फुटलेली असली तरी बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात वर्षभर काही कळत नाही. तिसरं सांडपाणी. मोरीची जाळी, खालचा पाइप आणि टाइल्सच्या सांधी यांतून ते झिरपतं, तेही पाणी ओतलं तरच. या तिघांना एकमेकांपासून वेगळं करायचं, की गळती आपोआप सापडते.

कोठीच्या बाजूने ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. ही रेघ पुढे फार कामाची आहे. ओल जमिनीपासून फूट-दीड फुटातच असेल, तर संशय मोरीवर किंवा जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर. ती कंबरेच्या उंचीला सुरू होऊन खाली उतरत असेल, तर मिक्सरचे सांधे. डोक्याच्या वर डाग असेल, तर शॉवरचा एल्बो, म्हणजे दांडा ज्यात बसतो तो भिंतीतला काटकोनी जोड. पाणी खाली उतरतं आणि प्लास्टर ते थोडं वरही ओढतं, म्हणून गळती डागाच्या मधोमध न शोधता वरच्या कडेच्या आसपास शोधायची.

पहिली चाचणी रात्रीची, तिला पैसा लागत नाही. झोपण्याआधी टाकी भरून घ्या, पंप बंद करा, घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा, पण बाथरूमचा वॉल उघडा ठेवा. टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी कोणी तोटी उघडण्याआधी वर चढून बघा. 500 लिटरच्या टाकीत पातळी बोटभर उतरली असेल तर दहा लिटरच्या आसपास पाणी गेलं. दुसऱ्या रात्री बाथरूमचा वॉल बंद करून हेच करा. पहिल्या रात्री उतरली आणि दुसऱ्या रात्री जागची हलली नाही, तर दाबाखालची लाइन गळते, यात शंका नको. दोन्ही रात्री उतरली तर गळती बाथरूमबाहेर आहे. संडासाचा फ्लश टँक आणि टाकीखालचे सांधे आधी बघा.

गळती बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका. मिनिटाला एक पेला, म्हणजे 200 मिली पाणी, चोवीस तासांत 288 लिटर होतं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलेत. म्हणजे पाच माणसांच्या घराचं दिवसाचं पाणी भिंत पिऊन जाते, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे ते परवडणारं नाही.

गरम लाइन ओळखायची एक सोपी खूण आहे. सोलर (उन्हावर पाणी तापवणारा हीटर) असेल तर दुपारी (गिझर तूर्त बंद आहे) गरम तोटी पाचसात मिनिटं चालू ठेवा आणि कोठीच्या बाजूने भिंतीवरून तळहात फिरवत जा. कोमट पट्टा लागेल, तीच गरम लाइन. तो पट्टा जिथे एकदम पसरट वाटेल तिथे गळतीचा संशय धरा. आरशासारख्या गुळगुळीत प्लास्टरवर हे पटकन कळतं, खडबडीत भिंतीवर दोनतीनदा हात फिरवावा लागतो.

उभ्या लाइनीची चाचणी करायला शॉवरच्या जागी डमी, म्हणजे अर्ध्या इंचाचा प्लग बसवावा लागतो, आणि त्यासाठी आधी तो तुटलेला तुकडा काढायला हवा. तेव्हा आता त्याच्याकडे वळू.

दांडा तुटतो तो जवळजवळ नेहमी आट्यांवरच. आटे पाडले की पाइपची जाडी तिथे निम्म्यावर येते, त्यात आपलं क्षाराचं बोरचं पाणी. तुटल्यावर आट्यांचं एक पातळ कडं एल्बोत अडकून राहतं. टॉर्च मारून आत बघा. कड्याच्या बाहेरचा भाग पितळेचा पिवळा दिसतो की पाइपच्या रंगाचं प्लास्टिक? पितळ असेल तर तुमचं नशीब चांगलं, बहुतेक टाइल फोडावी लागणार नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा तासभर आत ठेवा, क्षार मऊ होतो. संडास साफ करायचं ॲसिड मात्र तिथे ओतू नका. ते पितळही खातं आणि टाइलमागचं सिमेंटही.

मग शक्य असल्यास तालुक्यातून एक्स्ट्रॅक्टर आणा. निमुळता, उलट्या आट्यांचा तो एक तुकडा असतो. तो कड्यात हलक्या हाताने ठोकायचा आणि पान्याने डावीकडे फिरवायचा. एक्स्ट्रॅक्टर नसेल तर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घ्या, एका टोकाला कापड गुंडाळा आणि कड्याला आतून समोरासमोर दोन काप द्या. घाई नको. दर चारपाच फेऱ्यांनी ब्लेड बाहेर काढून टॉर्च मारायची. कड्याचा धातू संपून एल्बोच्या आट्यांची चमक दिसायला लागली की तिथेच थांबायचं, कारण पुढचा घाव एल्बोवर पडतो आणि तो काप कायमचा गळतो. दोन काप झाले की बारीक छन्नीने कड्याचा एक तुकडा आतल्या बाजूला वाकवा आणि नोज प्लायरने ओढा. एक निघाला की दुसरा सैल होतो. हे करताना एल्बोच भिंतीत फिरतोय असं हाताला जाणवलं, तर सोडून द्या. एल्बो पाइपपासून सुटलेला आहे, आणि तुमची ओल कदाचित तीच आहे.

तुकडा निघाल्यावर आटे तारेच्या ब्रशने साफ करा, डमीवर टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे घ्या, आट्यांच्या दिशेनेच, आणि बसवा. आता शॉवरची चावी पूर्ण उघडी ठेवून बाथरूमचा वॉल उघडा. उभ्या लाइनीत पाणी दाबाखाली उभं राहील आणि बाथरूमच्या भिंतीवर मात्र थेंबही पडणार नाही. एक रात्र, एक दिवस असंच राहू द्या. आंघोळ त्या दिवशी अंगणात किंवा शेजारी करा. पेन्सिलीच्या रेघेबाहेर ओल सरकली, तर उभी लाइन गळते. सरकली नाही, पण शॉवरखाली आंघोळ केल्यावर सरकते, तर पाइप धडधाकट आहेत आणि पाणी टाइल्सच्या सांधींतून जातंय. तसं निघालं तर भिंतीला हातही लावू नका. सांधी खरवडून नवीन ग्राउट (टाइल्सच्या सांधी भरायचा माल) भरा, मिक्सर आणि दांड्याच्या फ्लँजमागे, म्हणजे टाइलला टेकणाऱ्या गोल चकतीमागे, सिलिकॉन भरा. सगळ्या टाइल्स काढायला निघालेल्या घरांत शेवटी एवढंच काम निघालेलं मी पाहिलंय.

मोरीची चाचणी सोपी. वॉल बंद, जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर दोन इंच पाणी भरून चार-पाच तास थांबा. तेवढ्यात ओल रेघेबाहेर सरकली, तर संशय मोरीवर.

समजा उभी लाइन किंवा मिक्सरचा सांधा गळतोय असं निघालं. आता भिंत उघडायची, पण कुठल्या बाजूने? तुमची भिंत चार इंची आहे, म्हणून कोठीच्या बाजूने. पाइप साधारण मध्यावर असतो, पलीकडून प्लास्टर आणि विटेचा थोडा भाग काढला की तो हाती लागतो, आणि टाइल्स शाबूत राहतात. नऊ इंची भिंतीत मात्र हे करू नका. तिथे पाइप बाथरूमच्या अंगाला असतो. मागून फोडायचं म्हणजे सहा-सात इंच वीट कोरायची. ते काम टाइलच्या बाजूनेच करावं लागतं, ग्राइंडरने सांधीवर काप घेऊन मोजक्या दोन-चार टाइल्स काढून. तेवढ्या भागात वेगळ्या रंगाच्या टाइल्सची उभी पट्टी सरळ वरपर्यंत लावली, की ती मुद्दाम लावल्यासारखी छान दिसते.

मागून जागा कशी सापडवायची? मिक्सरचा मध्य आणि शॉवरचं तोंड यांची मापं बाथरूममधून घ्या, स्लॅबपासून खाली आणि दाराच्या चौकटीपासून आत. तीच मापं कोठीच्या बाजूने उतरवा. उभी लाइन त्या दोन खुणांना जोडणाऱ्या सरळ रेषेत असते. सहा इंच रुंद पट्टा पुरे. आधी ओलीच्या वरच्या कडेला वीतभर चौकोन उघडा. पाइप दिसल्यावर त्याच्या मागोमाग जा. मोठा हातोडा आणि ब्रेकर नकोच. छोटी छन्नी, हलका हात, डोळ्यांवर चष्मा. मेन स्विच बंद. चार इंची भिंतीत आडवी खाच लांबवर मारू नका. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावी, आडवी तर एक षष्ठांशाहूनही नाही, असा आमच्याकडचा जुना दंडक आहे. अशा पातळ भिंतीत आडवी खाच म्हणजे अर्धी भिंत मध्येच कापून ठेवणं.

उघडल्यावर बहुतेकदा पुढचं काहीतरी दिसतं. शॉवरच्या तोंडाला पितळी एल्बोऐवजी साधा प्लास्टिकचा एल्बो बसवलेला असतो. धातूचे आटे प्लास्टिकच्या आट्यांत कसले, की ते पाचरीसारखं काम करतात आणि एल्बो उभा चिरतो. चीर केसाएवढी असते, पण मिटत नाही. त्यात शॉवरच्या दांड्यावर कोणी ओले कपडे टांगले तर तीच चीर रोज थोडी उघडते. इलाज एकच. तिथे ब्रास एल्बो टाका, म्हणजे ज्याच्या आत पितळेचे आटे बसवलेले असतात तो, आणि त्याला भिंतीत सिमेंटने पक्कं धरून ठेवा. दांड्याचा सगळा भार त्या एल्बोवर येतो, त्याला हलायला जागा ठेवू नका.

दुसरी जागा कोपऱ्याची, आणि ही खास आपल्या भागातली. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मूळ भिंती पायावर असतात. बाथरूमसाठी नंतर घातलेली चार इंची भिंत बहुतेक वेळा नुसत्या फरशीवर उभी केलेली असते. दोन्ही भिंती दरवर्षी वेगवेगळ्या हलतात, आणि पाइप जिथे एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत वळतो तिथला एल्बो बिचारा मध्ये सापडतो. दोन भिंती जुळतात त्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग दिसतेय का, ते आजच बघा. असेल तर तिथला सांधा परत भिंतीत गाडू नका. तेवढं वळण उघड्यावर घ्या, क्लॅम्पवर, थोडं मोकळं. भिंतीत गाडलेला एल्बो पुढच्या पावसाळ्यात परत तुटेल.

तिसरं कारण प्रेशर पंप. एकमजली घरात टाकीपासून शॉवर सातेक फूटच खाली असतो. दर दहा फुटांना दाब चौरस सेंटिमीटरला 0.3 किलोच्या आसपास मिळतो, म्हणजे तुमच्या शॉवरला कसाबसा 0.2 किलो. धार बारीक वाटते म्हणून लोक पंप बसवतात, दाब एकदम कित्येक पटींनी वाढतो, आणि इतकी वर्षं कसेबसे धरून असलेले सांधे उघडे पडतात. पंप बसवला असेल तर त्या तारखेशी ओलीची तारीख ताडून बघा.

आता पाइप कसला आहे त्यावर जोडणी ठरते. फिकट पिवळसर पाइप सीपीव्हीसी, गरम-थंड दोन्हीला चालतो. त्यावर आयएस 15778 छापलेलं असतं, विकत घेताना ते वाचून घ्या. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्याचा. गरम लाइनीत पांढरा पाइप निघाला, आणि तुमच्याकडे सोलर असेल, तर तो तुकडा जोडत बसू नका, पूर्ण गरम लाइन बदला. उन्हाळ्यात सोलरचं पाणी अंग भाजेल इतकं तापतं, पांढरा पाइप त्यात मऊ पडतो. आणखी एक, दोन्ही अर्धा इंची म्हणून विकले जातात पण बाहेरून मापं वेगळी: सीपीव्हीसी 15.9 मिलिमीटर, यूपीव्हीसी आणि जीआय (लोखंडी) 21.3. एकाचा सॉकेट, म्हणजे पाइप ज्यात शिरतो ते जोडाचं तोंड, दुसऱ्याला बसत नाही. सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) जास्त चोपडून बसवलेले असले सांधे मी काढलेत, ते वर्षभरही टिकत नाहीत. दोन जाती जोडायच्या तर आट्यांचे पितळी ॲडॉप्टर लावूनच.

सीपीव्हीसी मध्ये फुटला असेल तर खराब तुकडा कापून कपलरने (दोन पाइप सरळ जोडणाऱ्या तुकड्याने) नवा जोडायचा, हे ऐकायला सोपं. अडचण अशी की भिंतीत घट्ट बसलेला पाइप मागेपुढे सरकत नाही, आणि कपलर घालायला तर तो अर्धा-पाऊण इंच सरकायला हवा. दोन उपाय आहेत. एक, फुटलेल्या जागेच्या वर-खाली दीड-दीड फूट पाइप मोकळा करायचा, म्हणजे तो हाताने बाहेर वाकतो आणि कपलर बसतो. दोन, फुटलेला भाग काढून चार एल्बोंचं छोटं वळण करायचं. मी पहिलाच करतो. भिंत थोडी जास्त उघडावी लागते, पण सांधे दोनच राहतात. भिंतीत जितके सांधे कमी तितकी झोप शांत.

सांधा करताना पाइप काटकोनात कापा, आतला-बाहेरचा बर (कापल्यावर कडेला राहणारा कीस) चाकूने काढा, कोरड्या कापडाने पुसा. लाइनीत पाण्याचा थेंबही यायला नको. टाकीचा वॉल नीट बंद होत नसेल तर आधी तो बदला. सोल्युशन पाइपला आणि सॉकेटला दोन्हीकडे, पातळ आणि सारखं. आत ढकलताना पाव फेरा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप आपसूक मागे सरकतो. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं घट्ट झालं असेल तर फेकून द्या, त्यात पातळ करायला काही मिसळू नका. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. 45 अंशांत सोल्युशन लावता लावताच सुकतं. सकाळी करा, पाइपही सावलीत ठेवा. डब्यावर सुकायचा वेळ लिहिलेला असतो, तो किमान वेळ समजा. मी पाणी दुसऱ्या दिवशीच सोडतो.

आत जीआय, म्हणजे लोखंडी पाइप निघाला तर माझा सल्ला अगदी वेगळा आहे. तो जोडू नका. गंजून एका जागी भोक पडलं, म्हणजे बाकीचा पाइपही आतून तेवढाच खाल्लेला असतो. तुम्ही पाना लावून एक सांधा कसला की वीतभर पलीकडचा सुटतो. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात तर लोखंडी पाइप भिंतीत ठेवणंच चुकीचं. जुनी लाइन दोन्ही टोकांना प्लग करून भिंतीत तशीच मरू द्या, आणि नवी सीपीव्हीसी कोठीच्या बाजूने भिंतीवरून उघडी न्या. मिक्सर आणि शॉवर यांच्या जागी फक्त भोकं पाडून आत घ्या. लोकांना उघडा पाइप दिसायला बरा वाटत नाही, हे मला समजतं. पण गावात, जिथे एका फिटिंगसाठी तालुक्याला जावं लागतं, तिथे डोळ्यांसमोरचा पाइपच मला चांगला वाटतो. गळला तर त्याच दिवशी दिसतो. पाइप बाहेर उन्हात जात असेल तर त्याला पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग द्या. ऑइल पेंट नको, त्यातल्या थिनरने सीपीव्हीसी कमजोर होतो. क्लॅम्प आवळून मारू नका. तीन मीटरचा सीपीव्हीसी 40 अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर लांब होतो, त्याला सरकायला जागा हवी.

गळत्या जागेवर एम-सील थापून भिंत बुजवायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. उघड्यावरच्या पाइपला तात्पुरतं एक दिवस चालवायला ते ठीक आहे. भिंतीत बुजवायच्या, दाबाखालच्या सांध्याला ते लावू नका.

भिंत बुजवण्याआधीची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत हीच टाळली जाते. गवंडी रेती-सिमेंट कालवून उभा असतो, मजुरी चालू असते. त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा. सगळ्या तोंडांना डमी लावा, शॉवरची चावी उघडी ठेवा आणि लाइन भरा. हवा अडकू नये म्हणून सर्वांत वरचा डमी थोडा सैल ठेवून पाणी आलं की आवळा. तालुक्यात कोणाकडे टेस्टिंग पंप असेल तर पाच-सहा किलोचा दाब द्या आणि तासभर काटा बघा. तो उतरायला नको. प्रेशर पंप बसवणार असाल तर ही परीक्षा टाळूच नका. टेस्टिंग पंप मिळालाच नाही तर टाकीच्या दाबावर अख्खी रात्र ठेवा. प्रत्येक सांधा कोरडा पुसून त्यावर खडूची पूड चोळा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. सकाळी पुडीवर ओलसर रेघ किंवा कागदावर ठिपका दिसला, तर तो सांधा कापून नवा करा. वरून आणखी सोल्युशन लावून काही होत नाही.

परीक्षा पास झाली की बुजवणं सोपं. पाइप खाचेत पक्का धरा, त्यावर निदान इंचभर माल यायला हवा. विटा ओल्या करून एकास चार माल भरा, तोंडावर जाळी मारा म्हणजे जुन्या-नव्या प्लास्टरच्या सांध्यावर भेग पडत नाही, आणि सात दिवस पाणी मारा. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पुट्टी ओल्या भिंतीत भरू नका. बुजवण्याआधी मोबाइलवर उघड्या पाइपचे फोटो घ्या, शेजारी मापाची टेप धरून. ते फोटो घरात दोघांच्या फोनवर असू द्या. पुढे कोणी तिथे खिळा ठोकायला निघालं, की ते उपयोगी पडतील.

नवा दांडा बसवताना टेफ्लॉन टेप लावून हाताने जाईल तितका फिरवा आणि मग पान्याने एक, फार तर दीड फेरा. एल्बो टाइलच्या फार आत असेल, तर दांड्याचे जेमतेम दोन आटे धरतात, आणि तुमचा पहिला दांडा तुटण्याचं कारण तेही असू शकतं. अशा वेळी एक्स्टेंशन निपल मिळतात, अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंत. योग्य लांबीचं आधी एल्बोत बसवा आणि मग दांडा. निदान पाच-सहा आटे धरले पाहिजेत. पाना लावताना दांड्यावर कापड गुंडाळा, आणि दांड्याच्या लांब टोकाला धरून तो फिरवू नका.

भिंत आतून वाळायला वेळ लागतो. पेन्सिलीची रेघ तशीच राहू द्या, ओल तिच्या आत आत सरकत जाईल. पांढरा खार फुटेल, तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका. भिंत पूर्ण कोरडी झाल्याशिवाय रंग देऊ नका आणि तूरही परत लावू नका.

मिस्त्रीला एवढंच सांगा की काम चाचण्यांच्या निकालावर ठरवू, आणि मजुरी उघडलेल्या भागाची ठरवा, सगळ्या बाथरूमची नाही. दोन रात्रींत टाकीची पातळी किती उतरली, आणि एल्बोच्या तोंडात पितळ दिसतं की प्लास्टिक, या दोन गोष्टी कळवा. त्यावरून कुठलं सामान तालुक्यातून आणायचं, त्याची यादी करून देतो.